बुखाऱ्याची यादी, बडोद्याची पेटी आणि आपल्या शाळेचे कपाट

इब्न सीना यांचे नाव आपल्याकडे बहुधा हकीम म्हणूनच घेतले जाते. युनानी दवाखान्याच्या भिंतीवर दाढी-पगडीतले त्यांचे काल्पनिक चित्र लावलेले असते, त्यापलीकडे कुणी फारसे जात नाही. मी शिक्षिका आहे. त्यामुळे मला त्यांच्या वैद्यकीपेक्षा ते शिकले कसे, याचे कुतूहल जास्त. सुदैवाने हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यांच्या छोट्याशा आत्मकथनाला पुढे त्यांचे शागीर्द जुझजानी यांनी उरलेल्या आयुष्याची हकीकत जोडली.

जन्म इ.स. ९८० चा, बुखाऱ्याजवळच्या अफशना गावचा. नातिली नावाचे एक विद्वान वडिलांनी घरी ठेवले होते. त्यांनी मुलाला तर्कशास्त्राची तोंडओळख करून दिली, युक्लिडची पहिली पाच-सहा प्रमेये शिकवली. पुढची प्रमेये मुलाने आपली आपण सोडवली. टॉलेमीच्या ग्रंथाशी आल्यावर नातिलींनी सांगून टाकले, की आता तूच वाच, सोडव आणि मला दाखव. शिक्षकाने असे म्हणणे सोपे नसते. वर्गात चाळीस मुले आणि डोक्यावर अभ्यासक्रम असताना तर आपण ते जवळजवळ म्हणतच नाही.

पुढे सतरा-अठरा वर्षांचे असताना सामानी अमीर नूह इब्न मन्सूर आजारी पडले आणि उपचारासाठी बोलावलेल्या हकिमांत या मुलालाही बोलावणे आले. अमिरांची मर्जी बसल्यावर त्याने मागितले काय, तर शाही कुतुबखान्यात जायची परवानगी. तिथे बऱ्याच खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत पेट्या, पेट्यांत एकावर एक रचलेल्या किताबा. एका खोलीत अरबी भाषा आणि शायरी, दुसरीत फिक्ह, अशी विषयवार मांडणी. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो यानंतरचा तपशील: त्यांनी आधी प्राचीनांच्या ग्रंथांची यादी वाचली आणि मग हवे ते मागितले. दिसेल ते पुस्तक उचलले नाही. आपल्याला काय हवे, ते कोणत्या खोलीत असेल, आधी काय वाचले पाहिजे, हे ठरवले आणि मग हात पुढे केला. आज प्रशिक्षणांत ‘माहिती साक्षरता’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. हा शब्द १९७४ मध्ये अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी वापरात आणला. ते कौशल्य मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांकडे होते.

याच गोष्टीला एक शेपूट आहे. हा कुतुबखाना पुढे आगीत जळाला. इब्न सीनांच्या शत्रूंनी आवई उठवली, की यानेच आग लावली, म्हणजे तिथले ज्ञान दुसऱ्या कुणाला मिळू नये. ही आवई इतकी पसरली की पुढच्या चरित्रकारांच्या पुस्तकांतही तिची नोंद झाली. फॉरवर्डचा रोग नवा नाही एवढेच म्हणते.

दुसरे उदाहरण याकूत अल-हमवी यांचे. ते मला जास्त जवळचे वाटते, कारण हा माणूस अमिरांच्या ओळखीचा नव्हता. लहानपणीच गुलाम म्हणून बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्यांना विकत घेतले. व्यापाऱ्याला हिशेब लिहायला माणूस हवा होता, म्हणून मुलाला लिहा-वाचायला शिकवले. पुढे मुक्तता झाल्यावर याकूत पुस्तकांच्या नकला करून आणि पुस्तके विकून पोट भरत. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, मंगोल फौजा येण्याच्या थोडे आधी, ते मर्व शहरात राहिले. तिथे वक्फची दहा ग्रंथालये होती असे ते लिहितात. काही मदरशांना जोडलेली, काही मशिदीत. त्यांच्याच सांगण्यानुसार त्यांच्या घरी एकावेळी दोनशे किंवा त्याहून जास्त ग्रंथ असत आणि बहुतेकांसाठी अनामतही द्यावी लागत नसे. ‘मुअजमुल बुलदान’ या त्यांच्या प्रचंड भौगोलिक कोशाची बरीचशी सामग्री याच ग्रंथालयांतली.

दोनशे पुस्तके, परक्या शहरातून आलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या माणसाच्या घरी, विनाअनामत. आणि आपल्या शाळेत आठवीच्या मुलीला एक गोष्टींचे पुस्तक घरी न्यायचे तर आधी ओळखपत्र, मग पालकांची सही, मग ‘फाडलंस तर भरून द्यावं लागेल’ ही तंबी.

दूर मध्य आशियात कशाला जायचे? उदगीरहून बिदर जवळ आहे. तिथला महमूद गावान यांचा मदरसा १४७२ चा. अर्धा पडलेला, निळ्या-पिवळ्या टाइल्सचे तुकडे अजून चिकटलेले. आपल्या भागातल्या शाळांच्या सहली किल्ला आणि गुरुद्वारा बघून परत येतात, मदरशासमोर फोटोपुरत्या थांबतात. या इमारतीत व्याख्यानाच्या खोल्या होत्या, विद्यार्थ्यांची राहण्याची सोय होती आणि ग्रंथालय होते. त्यात सुमारे ३००० ग्रंथ होते असे सांगितले जाते. म्हणजे ग्रंथालय हा शाळेचा दागिना नव्हता, भिंतीसारखाच बांधकामाचा भाग होता. १४८१ मध्ये बहमनी सुलतानाने कारस्थानी लोकांच्या बनावट पत्रावर विश्वास ठेवून याच गावानांना ठार मारवले. पत्र खरे की खोटे याची शहानिशा न केल्याची ही दख्खनी किंमत. बहमनी राज्य त्यानंतर फार काळ धड राहिले नाही.

आता बडोदे. ही कथा मराठी वाचकांना माहीत असायला हवी तितकी नाही. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, मालेगावजवळचे. १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर बसले तेव्हा त्यांचे शिक्षण नव्याने सुरू करावे लागले. कदाचित त्यामुळेच शिक्षणाची किंमत त्यांना जास्त कळली असावी. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू झाला. इथपर्यंत आपल्या पाठ्यपुस्तकात येते. पुढचा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तक विचारत नाही. मुले शाळेत आली, अक्षरे शिकली, चौथीनंतर शेतावर गेली. मग? घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. दोन-चार वर्षांत अक्षरे पुसली जातात. सरकारने खर्च करून शिकवलेले सगळे मातीत जाते. ही गळती थांबवायची तर वाचायला काहीतरी सतत मिळत राहिले पाहिजे, हे महाराजांच्या लक्षात आले होते.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. एवढ्या काळात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, महाराजांचा खासगी संग्रह त्यात आला, मुलांसाठी वेगळी खोली झाली. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचे नियतकालिक निघाले, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथपालांसाठीच्या नियतकालिकात आपली मराठी शंभर वर्षांपूर्वी होती! वाचकाने कपाटापर्यंत स्वतः जावे, पुस्तक हातात घेऊन चाळावे, ही मुभा होती. त्या काळी बऱ्याच ठिकाणी वाचक खिडकीबाहेर उभा राहायचा आणि आतला कारकून पुस्तक आणून द्यायचा.

मला या सगळ्यात प्रिय आहे ती फिरती पेटी. लाकडी पेटी, आत निवडक पुस्तके, कुलूप-किल्ली, सोबत यादी. गावाने मागितली की सरकारी खर्चाने यायची, काही महिने राहायची, मग बदलून दुसरी. कायमचे वाचनालय हवे असेल तर खर्चाचे तीन वाटे: एक गावकऱ्यांचा, एक स्थानिक मंडळाचा, एक सरकारचा. हे तीन वाट्यांचे गणित शहाणपणाचे होते. ज्या पुस्तकासाठी गावाने स्वतःचा रुपया घातला आहे, ते गाव सहसा हरवू देत नाही. गावोगावी ही वाचनालये पुष्कळदा शाळामास्तरच सांभाळत. चळवळ पसरवण्यात मोतीभाई अमीन यांचा हात मोठा होता आणि तेही आधी शिक्षकच होते. पेटीसोबत चित्रेही फिरत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रदर्शक यंत्रे, पुढे सिनेमाचे खेळ.

बडोद्याला डोक्यावर घेऊन नाचायचे कारण नाही. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, त्याच बडोद्यात १९१७ मध्ये नोकरीसाठी आल्यावर त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पुस्तकाची पेटी गावात आली म्हणून ती गावातल्या प्रत्येक घरासाठी उघडली गेली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही यंत्रणा म्हणून त्या पेटीत जो विचार होता, तो आपल्याकडे अजून पुरता आलेला नाही.

आपल्याकडे काय आहे? कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असतील. शिवाय दिवस आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलाम यांची जयंती, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी कपाट उघडते, मुले ओळीने बसतात, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, फोटो, अहवाल, कपाट बंद. कलामसाहेब स्वतः कसे वाचक झाले? रामेश्वरमला माणिकम नावाच्या गृहस्थांचा घरगुती ग्रंथसंग्रह होता, तिथून ते पुस्तके नेत. एका माणसाचे दार लहान मुलासाठी वर्षभर उघडे होते, एवढेच.

मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. कपाटाला कुलूप का लागते याबद्दल बाहेरची माणसे शिक्षकांवर रागावतात. त्यांनी आतली गोष्टही ऐकावी. शाळेत आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते. जबाबदारी एका शिक्षकाच्या नावावर असते. पडताळणीत पुस्तक कमी भरले तर उत्तर त्याने द्यायचे, कधीकधी खिशातून भरायचे. पुस्तक वाचले गेले का, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे ज्याचे कपाट बंद त्याचा हिशेब चोख, आणि ज्याने मुलांना पुस्तके दिली त्याला मात्र खुलासा लिहावा लागतो. अशा व्यवस्थेत माणूस कुलूप लावणारच. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच पुस्तके वापरली जावीत असे सांगतो. तो वाचताना मला नेहमी आमची दाखल नोंदवही डोळ्यांसमोर येते. रंगनाथनही मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पुढे शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयांवर त्यांनी वेगळे पुस्तकही लिहिले.

उर्दू शाळांची अडचण आणखी एक. मिळालेल्या संचांत उर्दू पुस्तके मोजकी, मराठी पुस्तके भरपूर, पण ती मुलांना अवघड वाटतात म्हणून कुणी काढत नाही. खरे तर मुले दोन-तीन भाषा बाजारात सहज बोलतात. मराठी कथेचे पुस्तक हातात राहिले तर महिन्याभरात वाचू लागतात, हे मी पाहिले आहे. हातात राहिले तर.

हे सगळे का महत्त्वाचे आहे, ते मला २०२५ च्या जानेवारीत वर्गात फार जवळून दिसले. सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम नुकताच झाला होता, ९ जानेवारीला फातिमा शेख यांचा करायचा होता. त्याच सुमारास समाजमाध्यमांवर एका लेखकाने जाहीर केले, की फातिमा शेख हे पात्र मीच रचले, अशी बाई झालीच नाही. नववीच्या मुली फोनवरचे ते सगळे घेऊन आल्या. एक म्हणाली, ‘टीचर, ये सच है क्या? फातिमा शेख थीच नई?’ तिच्या आवाजात नुसते कुतूहल नव्हते. आपल्याकडून काहीतरी हिसकावले जात आहे, असा तो आवाज होता.

मी ‘झूट है’ म्हणून मोकळी होऊ शकले असते. त्यांना तेच हवे होते. पण मग माझा शब्द आणि फोनवरचा शब्द यांत फरक काय राहिला? तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून मी ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ आणले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले, राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे. पुस्तक बाकावर ठेवले आणि सांगितले, शोधा. पहिली दहा मिनिटे मुली पहिल्या पानापासून वाचत बसल्या. अनुक्रमणिका बघायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. गाईडमध्ये अनुक्रमणिका लागत नाही, धडा क्रमांक पुरतो. मग एकीने बोट फिरवत पत्रांचे पान काढले.

१० ऑक्टोबर १८५६ चे पत्र. सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी आहेत आणि जोतीरावांना लिहीत आहेत. भावाशी झालेला वाद त्यात आहे. आणि एका जागी, आपण नसल्यामुळे फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचे वाक्य आहे. वर्गात एकदम गलका झाला. ‘मिली! मिली!’

गलका शांत झाल्यावर मी विचारले, आता पत्रात काय नाही ते सांगा. हा प्रश्न त्यांना आवडला नाही. पण त्यांनी पाहिले. आडनाव नाही. जन्मतारीख नाही. फक्त ‘फातिमा’. मग ९ जानेवारी १८३१ ही तारीख, जी आपण बॅनरवर छापतो आणि जिच्या दिवशी २०२२ मध्ये गुगलने डूडल केले, ती कुठून आली? पत्रातून नाही, एवढे मुलींनी स्वतः वहीत लिहिले. एका मुलीने विचारले, ‘टीचर, ये तो छपा हुआ है। असल खत कहां है?’ नववीतली मुलगी मूळ साधन आणि छापील प्रत यांतला फरक विचारत होती. बी.एड.च्या दोन वर्षांत हा फरक मला कुणी इतक्या स्वच्छपणे समजावला नव्हता.

कार्यक्रम झाला. बॅनरवर जन्मतारीख घातली नाही. त्यावर समाजातल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारले, की बाहेरचे लोक आधीच आपले नाव पुसायला बसले आहेत, त्यात आपणच शंका कशाला काढायच्या? त्यांचा सल आणि भीती दोन्ही खरी आहेत, मला त्यांचा राग आला नाही. पण मी त्यांना पत्राची झेरॉक्स दिली आणि म्हटले, चाचा, आपल्याकडे एवढे पक्के आहे, तर कच्चे कशाला मिसळायचे? उद्या तारीख खोटी निघाली तर लोक पत्रही खोटे म्हणतील. हदीसचे विद्यार्थी रावी कोण, त्याने कुणाकडून ऐकले, हे विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. इस्नादची ती शिस्त आपलीच आहे. ती मशिदीत ठेवून व्हॉट्सअॅपवर यायचे कारण काय? ते हसले, पटले की नाही सांगता येत नाही. झेरॉक्स मात्र घडी करून खिशात घेऊन गेले.

आता आमच्याकडे आठवड्यातून एक तास ठरला आहे. मुख्याध्यापकांशी बोलून साठ पुस्तके कपाटातून काढून एका पत्र्याच्या पेटीत ठेवली, नववीच्या वर्गासाठी. हरवलेल्या पुस्तकाची रक्कम वर्गाच्या गल्ल्यातून द्यायची, असे मुलींनी ठरवले. बडोद्याच्या तीन वाट्यांची गोष्ट त्यांना सांगितली होती, तिथून ही कल्पना आली. पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवली आहे, विषयवार, मराठी आणि उर्दू दोन्ही लिपींत. यादी मुलींनीच केली. त्यावरून दोन दिवस भांडण चालले, की विज्ञानकथा विज्ञानात घालायच्या की कथांत. शेवटी दोन्हीकडे लिहिल्या.

उर्दू-मराठी शब्दकोश एकच आहे आणि तो सतत कुणाच्या तरी घरी असतो. पेटीत दुसरी प्रत हवी आहे.